जखमी स्टार: प्लेऑफला उतरवायचा की बसवायचा?
एप्रिल आला, म्हणजे एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची बाद फेरी (प्लेऑफ) आली, की ठाण्यातल्या आम्हा एनबीएवेड्यांत दोन तट पडतात. मुख्य खेळाडू जखमी असेल तर एक तट म्हणतो उतरवा, दुसरा म्हणतो बसवा.

उतरवा म्हणणाऱ्यांचं गणित खरं आहे. मालिका जिंकायला चार विजय लागतात, आणि प्लेऑफमध्ये मोठे खेळाडू जास्त मिनिटं खेळतात. तो एकटा मालिका फिरवू शकतो. अशी संधी पुन्हा मिळेलच असंही नाही.

पण २०१९ आठवा. पोटरीच्या दुखापतीतून वॉरियर्सचा केव्हिन ड्युरँट टोरांटोविरुद्ध फायनलच्या पाचव्या सामन्यात परतला. १२ मिनिटांत ११ गुण केले आणि अकिलीस, म्हणजे टाचेमागची जाड शीर, तुटली. आपल्याकडे तेव्हा सकाळ होती. कामावर निघताना हे बघणं फार जड गेलं. वॉरियर्सनी सामना एका गुणाने जिंकला, पण मालिका टोरांटोने नेली आणि ड्युरँटचा पुढचा अख्खा हंगाम गेला. २०२५ मध्ये पेसर्सच्या हॅलिबर्टनचंही तेच झालं: आधी पोटरी, मग सातव्या सामन्यात अकिलीस.

बसवण्याचा मार्ग त्याच टोरांटोने दाखवला होता. कवाय लेनर्डला साखळीतल्या ८२ पैकी ६०च सामने खेळवले आणि तो फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र त्यासाठी बाकीचा संघ भक्कम हवा, नाहीतर सातव्या ते दहाव्या क्रमांकात घसरून प्लेऑफमध्ये शिरण्यासाठी आधी प्ले-इन खेळावं लागतं.

बोट किंवा मनगट दुखत असेल तर मी उतरवा म्हणेन. पोटरी असेल तर बसवाच, मालिका हातची गेली तरी.