चष्मेवाल्याचा आयपीस

माझी दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण), फोकल लांबी १२०० मिमी. सोबत दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं) आले होते. २५ मिमीचा प्लॉसल (नेहमीच्या, साध्या रचनेचा आयपीस) उत्तम आहे: १२०० भागिले २५ म्हणजे ४८ पट, चंद्र अख्खा मावतो. (कृत्तिका मात्र कडेला कापल्या जातात.) १० मिमीच्याने मात्र वैताग आणला. डोळा अगदी काचेला टेकवावा लागायचा. माझा चष्मा सिलिंडरचा (अ‍ॅस्टिग्मॅटिझमसाठी), काढला की तारे लांबट दिसतात. थंडीत श्वासाने भिंग धुरकट व्हायचं ते वेगळंच.

मग सोनेरी पट्टीवाला ६ मिमी, ६६ अंशांचा, म्हणजे प्लॉसलपेक्षा रुंद दृश्य दाखवणारा आयपीस घेतला. मुंबईजवळच्या वांगणीला पहिल्याच रात्री गुरूवर लावला. २०० पट! दोन्ही पट्टे आणि बिंबावर आयो या त्याच्या चंद्राच्या सावलीचा काळाभोर ठिपका, तोही चष्म्यासकट. मोटर नसल्यामुळे ग्रह सारखा सरकतो, पण इथे दृश्याच्या या कडेपासून त्या कडेला जायला साधारण सव्वा मिनिट लागतं. तेवढ्याच ताकदीच्या प्लॉसलमध्ये जेमतेम मिनिटभर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दुर्बीण ढकलणाऱ्याला विचारा!

खोट आहेच. डोळा जरा हलला की काळी सावली येते, कडेचे तारे शेपट्या काढतात. शिवाय हवा थरथरत असेल तर २०० पटीत गुरू उकळत्या पाण्यातल्या बटाट्यासारखा दिसतो. त्यात आयपीसचा काय दोष? तेव्हा मी मुकाट्याने २५ मिमी लावतो.