बर्फातली लोखंडी बोट आणि हिवाळी देखरेख: ५ पैकी ३.५

मुलीच्या लग्नाला पोरगा-सून बेळगावला आले ते संक्रांत करूनच परतले. राहतात इंग्लंडात, बर्मिंगहॅमकडच्या कालव्यात, लोखंडी बोटीवर. बोट तिथल्याच एका बोटींच्या यार्डाच्या हिवाळी देखरेखीवर सोडलेली. माझा उभा जन्म बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात ओतकामात गेला. म्हटलं, आपणच जाऊन बघूया काय केलंय ते.

इथं जो तो विचारतो, बर्फात बोट चेपत नाही काय ओ? नाही. तळाची प्लेट १० मिलिमीटर, बाजूची ६. कालव्यावरचा बोटाएवढा जाड बर्फ तिला काय करणार? पाणी ४ अंशाला सगळ्यात जड, त्यामुळे गोठतं ते वरून. खाली पाणीच राहतं. बर्फातून बोट हाकली तर मात्र काळा बिटुमेन रंग पाण्याच्या रेषेला खरवडून निघतो आणि तिथं गंज धरतो. क्रेननं बाहेर काढून ठेवा म्हणणाऱ्यांना पोरानं नकार दिला, बरोबर केलं.

फुटतं ते आतलं. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, पितळी कॉक त्यापुढं टिकत नाही. यार्डवाल्यांनी टाकी, गीझर, पंप रिकामे केलेले, नळ उघडे सोडलेले, इंजिनातलं अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, मोजून कागदावर लिहिलेलं. डिझेलची टाकी काठोकाठ, म्हणजे आत दव धरून पाणी साचत नाही. बॅटऱ्या फुल चार्ज, कारण उतरलेली बॅटरी लवकर गोठते. दोरही जरा ढिले, पाणी चढलं-उतरलं तरी बोट लटकू नये. काम एक नंबर.

गुण कापले ते शॉवरचे. गरम-गार पाणी मिसळणाऱ्या मिक्सर नळाच्या पितळाला उभी भेग, केसाएवढी, पण नखाला लागते. नळी हुकाला टांगलेलीच ठेवली होती. तिच्यातलं पाणी उतरून मिक्सरमध्ये बसलं. आणि यार्डवाल्यांच्या कामाच्या यादीत शॉवरपुढं बरोबरची खूण! मालक म्हणतो, यंदा थंडी जास्त पडली. अहो, थंडीचेच पैसे घेतलात की! मिक्सरचे निम्मे पैसे दिले, तेही सुनेनं ठणकावल्यावर. दर महिन्याला फोटो पाठवतो म्हणाले होते, डिसेंबरातले तेवढे आले.

पुढच्या हिवाळ्यातही पोरगा बोट तिथंच ठेवणार आहे. शॉवरची नळी मात्र निघायच्या आधी स्वतः काढणार, आणि भरपाईचं आधीच लिहून घेणार.