व्ही-क्रॉसला रीमॅप केला, बॉक्स नाही लावला

आमच्या इसुझु व्ही-क्रॉस पिकअपचं २.५ लिटर डिझेल इंजिन कंपनीतून १३४ पीएस आणि ३२० न्यूटन मीटर टॉर्क देतं. सपाटीला भरपूर. पण खताच्या गोण्या भरून कुंभार्ली घाट चढताना दुसऱ्या गिअरवर टर्बोची (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याची) वाट बघावी लागायची.

ताकद वाढवायला दोन पर्याय: इंजिनच्या वायरिंगला जोडायचा ट्यूनिंग बॉक्स, किंवा रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअरच बदलणं. बॉक्स स्वस्त, कधीही काढता येतो. पण साधा बॉक्स रेल प्रेशर सेन्सरचा (डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल बदलून जादा डिझेल सोडायला लावतो, एवढंच. रीमॅपमध्ये डिझेल, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि टॉर्कची मर्यादा एकत्र जुळवतात. पुण्याच्या ट्यूनरने आधी डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) गाडी तपासली, क्लच पाहिला, मगच सौम्य स्टेज १ (पार्ट न बदलता चालणारी) सॉफ्टवेअर फाइल टाकली. मूळ फाइलही जपून ठेवलीय. असं काम मला पटतं.

आता घाट तिसऱ्यावर निघतो, काळा धूर नाही. वॉरंटी चालू असेल तर मात्र थांबा.