बत्तीस बोअरचे जुने रिव्हॉल्व्हर विकून हलके घ्यावे का? दोन हंगामांच्या वापरानंतरचा अनुभव

कानपूरच्या सरकारी कारखान्यात घडलेले, मधून उघडणारे, तीन इंची नळीचे आणि सहा काडतुसांचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर ज्यांनी वापरले आहे, त्यांना त्याची रचना समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्याकडे ते बारा वर्षांहून अधिक काळ आहे. गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोलीच्या गावांतून काजूबिया विकत घेणे हा माझा व्यवसाय असून मार्च ते मे या काळात रोख रक्कम घेऊन रानातल्या रस्त्यांनी ये-जा करावी लागते, आणि परवाना मला त्याच कारणासाठी मिळाला आहे. गेली दोन वर्षे मात्र हे रिव्हॉल्व्हर विकून त्याच कानपूरचे हलके ‘निर्भीक’ घ्यावे, असा विचार मनात घोळत होता. त्या काळात मी जे पाहिले, तपासले आणि अखेर जे ठरवले, ते अशाच विचारात असलेल्या परवानाधारकांसाठी लिहीत आहे.

दोन्ही का ठेवत नाही, असे कोणी विचारील. शस्त्र अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. माझ्या परवान्यावर वडिलांची बारा बोअरची दुनळी आधीपासून आहे. ती बागायतीच्या रक्षणासाठी घेतलेली, घराण्यातली वस्तू आहे आणि तिला हात लावण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे नवे घ्यायचे तर रिव्हॉल्व्हरच जायला हवे.

विक्रीचा विचार प्रथम आला तो गंजामुळे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली, म्हणजे नेमकी काजूच्या ऐन हंगामात. निवडणूक आयोगाच्या पद्धतीप्रमाणे जिल्हा पातळीवरील छाननी समितीने कोणाचे शस्त्र जमा करून घ्यावे याचा विचार करणे अपेक्षित असते. माझ्या हाती मात्र सरसकट जमा करण्याचा निरोप आला आणि मी तो पाळला. निकालानंतर, पावसाला सुरुवात झाल्यावर, ते परत मिळाले तेव्हा ते चामड्याच्या म्यानासकट एका कापडी पिशवीत गुंडाळलेले होते. जमा करताना मी ते तेल लावून, म्यानाबाहेर, वेगळ्या कापडात बांधून दिले होते आणि तशी विनंतीही केली होती. ज्या ठाण्यात ते ठेवले होते, तिथल्या हवालदारांनी पावतीवर सही घेतली आणि ‘वस्तू मिळाली ना, मग झाले’ एवढेच सांगितले. काडतुसे बसतात त्या फिरत्या चक्राच्या पुढच्या तोंडांवर, काडतुसांच्या रिकाम्या टोप्या उचलणाऱ्या चांदणीच्या खाली आणि घोड्याच्या बुडाशी लालसर तांबेरा धरला होता.

गोव्यात लोखंडाला गंज चढतो हे सांगायला लेख नको. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जुलैमध्ये भिंतीसुद्धा ओल्या असतात. परंतु या रिव्हॉल्व्हरचा काळा मुलामा म्हणजे मुळात पोलादाच्या पृष्ठभागावर नियंत्रितपणे आणलेल्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो. तो रंग नव्हे, आणि तेलाच्या आधाराशिवाय तो पोलादाला फारसे वाचवू शकत नाही. बोटांच्या घामातील मीठ त्यावर राहिले तर एका रात्रीत ठसा उमटतो. चामडे तर त्याहून वाईट, कारण ते हवेतील ओल शोषून धरते, आणि कमावताना त्यात मुरलेले क्षार व आम्ले ती ओल थेट धातूला पोचवतात. म्हणून रिव्हॉल्व्हर म्यानात घालून बाळगावे, पण म्यानात घालून कधीही ठेवू नये. घरी मी ते घाम पुसून, नळी आणि सहाही घरे तेलाच्या कपड्याने फिरवून, चांदणी उचलून तिच्या दांड्यावर एक थेंब टाकून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवतो. या काळजीने दहा पावसाळे काढलेल्या वस्तूवर एका निवडणुकीने डाग पाडले, याचा संताप मला आजही आहे आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

डाग वरवरचे होते. बारीक पितळी ब्रश आणि तेल यांनी ते निघाले, नळीच्या आतील, गोळीला फिरकी देणारे आटे शाबूत होते. घोड्याच्या बुडाशी मात्र मुलामा गेला तो गेलाच. त्याच पावसाळ्यात ‘निर्भीक’ डोळ्यांसमोर आले. २०१४ मध्ये ते बाजारात आणताना महिलांसाठीचे रिव्हॉल्व्हर म्हणून त्याची जाहिरात झाली होती, किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती आणि ते टायटॅनियमच्या मिश्रधातूचे आहे ही त्याची मुख्य ओळख होती. टायटॅनियमला गंज चढत नाही. माझ्या मनाने तेवढाच धागा धरला आणि दिवाळीनंतर मी विक्रेत्याकडे जाऊन ते हातात घेतले.

पहिला परिणाम विलक्षण होता. माझे रिव्हॉल्व्हर रिकामे असताना सुमारे ७०० ग्रॅम भरते आणि हे ५०० ग्रॅम. तळहातावर हा फरक इतका स्पष्ट जाणवतो की तिथेच बयाणा द्यावा असे वाटले. विक्रेते वयाने थोर आणि या धंद्यात मुरलेले आहेत. ते म्हणाले, “बाब, आधी कमरेला लावून बघ, मग चाप ओढून बघ, आणि पैशांचे मागाहून बोलू.” त्यांच्या या सांगण्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

कमरेला लावल्यावर जे कळले ते वजनकाट्यावर कळत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर म्यानात आणि पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडील उकाड्यात अंगात पातळ सुती सदरा असतो, त्यामुळे झाकण्याची खरी अडचण वजनाची नसून फुगवट्याची असते. हा फुगवटा चक्राचा. सहा काडतुसे गोलाकार बसवायची म्हटल्यावर चक्राची जाडी कमी होण्यास फारसा वाव उरत नाही, मग धातू कोणताही असो. दोन्ही रिव्हॉल्व्हरे लांबीलाही जवळपास सारखीच, सात इंचांच्या घरातली. दोन्ही आलटून पालटून लावल्यावर आरशात मला सदऱ्याखाली काहीच फरक दिसला नाही. ज्याला आपण लहान समजत होतो ते केवळ हलके आहे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

चापाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. घोडा आधी मागे न ओढता थेट चाप ओढला, तर या कारखान्याची रिव्हॉल्व्हरे जड चालतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्या ओढीला लागणारे बळ शस्त्राच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट असते, आणि तेवढे बळ लावताना नळीच्या टोकावरची माशी जागेवर ठेवण्याचे काम मुठीबरोबरच शस्त्राचे वजनही करत असते. रिकाम्या टोप्या घालून, सुरक्षित दिशेला नळी धरून मी दोन्हींचे चाप ओढून पाहिले. माझ्या जुन्या रिव्हॉल्व्हरची माशी हलते पण परत येते. हलक्याची माशी घोडा पडण्याच्या क्षणी उजवीकडे निघून जाते. ज्याची मूठ माझ्याहून बळकट आहे त्याला कदाचित वेगळा अनुभव येईल, पण पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या मनगटाला तरी जड वस्तूच साथ देते.

याला हिशेबाचीही जोड आहे. तेच काडतूस, तीच सुमारे साडेसहा ग्रॅमची शिसाची गोळी. शस्त्र मागे येते ती ऊर्जा त्याच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे ७०० ग्रॅमच्या जागी ५०० ग्रॅम घेतले की धक्का सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. बत्तीस बोअरचा धक्का मुळात सौम्य असल्यामुळे हात दुखणार नाही, परंतु दुसरी गोळी नेमावर आणण्यास वेळ लागणार, आणि संकटात वेळच तर हवा असतो.

तरीही विक्रीचा विचार मी लगेच सोडला नाही. २०२५ चा हंगाम दोन शक्यता डोक्यात ठेवून काढला आणि त्या काळात एकच बदल केला: जुना मऊ पट्टा टाकून दुहेरी शिवणीचा, रुंद आणि ताठ पट्टा घेतला व म्यान कमरेच्या हाडाच्या थोडे मागे आणले. पूर्वी दुपारपर्यंत पट्टा एका बाजूला ओघळत असे आणि तो सारखा वर ओढावा लागे, त्यामुळे वजनाचा त्रास दुप्पट वाटे. नव्या पट्ट्याने भार कमरेभोवती वाटला गेला. स्कूटरवर बसताना मूठ बरगडीला लागते हा त्रास उरला आहे, पण तो हलक्या रिव्हॉल्व्हरलाही असणारच. दोनशे ग्रॅमसाठी लाखभर रुपये मोजण्याऐवजी पट्ट्यासाठी दोन हजार मोजणे मला अधिक पटले.

इतर पर्यायही पाहिले, पण ते लवकर बाजूला पडले. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबळ’ या कानपूरच्याच रिव्हॉल्व्हरचे चक्र बाजूला उघडते आणि ते हाताळायला सुबक आहे, वजन मात्र ६७५ ग्रॅम, म्हणजे माझ्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याचे बत्तीस बोअरचे पिस्तूल चपटे असल्यामुळे सदऱ्याखाली खरोखर चांगले दडते. पण त्याचे काडतूस वेगळे आणि आखूड असते, म्हणून माझ्याकडचा साठा निरुपयोगी ठरला असता. शिवाय काडतूस फुसके निघाले तर पिस्तुलात ते झटकून काढावे लागते, रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचे घर समोर येते. घामाने निसरड्या झालेल्या हातांना ही सोय फार मोलाची आहे.

उरली होती पैशांची बाजू, आणि तिने प्रश्न मिटवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरील जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून चाळीस टक्के झाला. कारखान्याची मूळ किंमत लाख रुपये धरली तरी जिथे २८,००० रुपये कर भरावा लागत होता तिथे आता ४०,००० भरावे लागतात. दुसरीकडे, मुलामा गेलेल्या माझ्या रिव्हॉल्व्हरसाठी साठ हजारांच्या वर कोणी बोलायला तयार नव्हते. पेडण्याच्या एका परवानाधारक बागायतदारांशी बोलणे जवळजवळ पक्के झाले होते. खासगी विक्रीत जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला खरेदीदाराच्या नावपत्त्यासह लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते, आणि तसे पत्र मी ऑगस्टमध्येच दिले होते. ज्यांना विकायचे आहे त्यांनी हा कालावधी धरूनच नव्याची मागणी नोंदवावी. अन्यथा परवान्यावर जागा रिकामी झालेली नसताना नवे शस्त्र येऊन पडते.

ते पंचेचाळीस दिवस पूर्ण होण्याच्या आतच कर वाढला. मी बागायतदारांना फोन करून सांगितले की माझा विचार बदलला आहे, आणि त्यांनी मोठ्या मनाने ते मान्य केले. दुसऱ्या दिवशी विक्रीची सूचना मागे घेतल्याचे पत्र देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का घेतला. २०२७ च्या आरंभी विधानसभेची निवडणूक येणार असल्यामुळे विक्रेत्यांशीही बोलून ठेवले आहे: शस्त्र अधिनियमाच्या एकविसाव्या कलमानुसार परवानाधारक विक्रेत्याकडेही शस्त्र जमा करता येते, आणि आदेशात तशी मुभा असेल तर ते माझे रिव्हॉल्व्हर म्यानाशिवाय, तेल लावून, आपल्या पेटीत ठेवतील. त्यासाठी ते जी फी सांगतील ती मी देईन. कारखान्याकडून नवा मुलामा करून मिळतो का, याचीही चौकशी त्यांच्यामार्फत चालू आहे.