कापसाच्या पट्टीतली पाचवी प्रत: कोडमधल्या नकला शोधणारं सीपीडी वापरल्यावर

"पोरी, काट्याच्या चिठ्ठीवर एक रक्कम हाये अन् पट्टीवर दुसरी. मी कोनती खरी समजू?"

पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात, २०२४ च्या डिसेंबरात, एका काकांनी दोन कागद माझ्यासमोर शेजारी-शेजारी ठेवले: वजनकाट्याची चिठ्ठी, आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला किती पैसे मिळणार त्याचा हिशोब. कापूस १४ क्विंटल २० किलो, भाव ७१०० रुपये, ओलावा १०.५ टक्के. चिठ्ठीवर ओलाव्याची कपात २५२० रुपये ५० पैसे. पट्टीवर तीच कपात ३०२४ रुपये ६० पैसे. फरक ५०४ रुपये १० पैशांचा, आणि पैसे पट्टीप्रमाणे मिळणार होते. दोन्ही कागद छापणारं सॉफ्टवेअर माझं. मुनीमजी माझ्याकडे बघत होते, काका कागदांकडे. माझे बाबाही कापूसच विकतात. रांगेत ट्रॅक्टर लावून रात्र काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारावा लागणं म्हणजे काय, ते मला घरातच ठाऊक आहे.

चूक तासाभरात सापडली. आधी या जिनिंगवर मुनीमजी ओलावा पुढच्या पूर्ण अंकावर नेत, म्हणजे १०.५ चे ११ धरत. दिवाळीनंतर नवं मीटर आलं आणि शेठजींनीच सांगितलं की आता दशांशासकट धरा. आठ टक्क्यांपर्यंत कपात नाही, त्यापुढे जितके टक्के जास्त तितके टक्के रक्कम कमी, बाराच्या वरचा माल घ्यायचा नाही. हे गणित मी काट्याच्या चिठ्ठीत, रोजच्या खरेदी-वहीत, शेतकऱ्याच्या खात्यात आणि महिन्याच्या अहवालात बदललं. पट्टीत बदलायचं राहिलं. एकच गणित मी पाच ठिकाणी लिहून ठेवलं होतं आणि मला त्यातल्या चारच जागा आठवल्या.

शेठजींनी नऊ दिवसांच्या सगळ्या पट्ट्या काढायला लावल्या. २११ पैकी १६३ मध्ये फरक होता. ज्याचे त्याचे पैसे परत गेले. पण माझी झोप गेली ती वेगळ्याच विचारानं: पाचवी जागा मला माहीत नव्हती, तर सहावी असेल का? ४१ हजार ओळींचा प्रोग्राम, सात वर्षांत एकटीनं लिहिलेला. हंगामाच्या घाईत, रात्री लाइट यायची वाट बघत, जुन्या फाइलमधून तुकडा उचलायचा, नव्या फाइलमध्ये चिकटवायचा, दोन नावं बदलायची, चाललं की पुढं जायचं. सगळ्या ओळी डोळ्यांनी वाचून अशा प्रती शोधणं मला शक्य नव्हतं. म्हणून सीपीडी घेतलं, आणि दीड हंगाम वापरून झाल्यावर हे लिहिते आहे.

सीपीडी म्हणजे कॉपी-पेस्ट डिटेक्टर. पीएमडी नावाच्या मुक्त स्रोत साधनसंचासोबत ते येतं. फुकट आहे, नोंदणी नाही, खातं उघडायचं नाही. संगणकावर जावा असलं की पुरे. एकदा झिप उतरवून उघडली की पुढं नेट लागत नाही, आणि आमच्या गावात ही गोष्ट सगळ्यात आधी बघावी लागते. शिवाय कोड आपल्या मशीनच्या बाहेर जात नाही. त्या फाइलींमध्ये शेठजींच्या धंद्याचे हिशोब बांधलेले आहेत, त्यामुळे कुठल्या वेबसाइटवर चढवून तपासण्याचा विचारही मी केला नाही. माझ्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर सगळा प्रोग्राम तपासायला काही सेकंद लागतात.

चालवायची पद्धत साधी आहे. कमांडमध्ये फोल्डर सांगायचं, भाषा सांगायची आणि एक आकडा द्यायचा: किमान टोकन्स किती. हा आकडा द्यावाच लागतो, आणि सगळा खेळ त्यावरच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. सीपीडी ओळी जुळवत नाही. ते कोडचे सुटे शब्द आणि खुणा करतं, त्यांना टोकन म्हणतात. 'एकूण = वजन * भाव' यात पाच टोकन. मधल्या मोकळ्या जागा, ओळ कुठं तोडली, कॉमेंट काय लिहिली, हे सगळं गळून जातं. मग ठरवलेल्या लांबीची खिडकी त्या टोकनांवरून एकेक घर पुढं सरकते आणि प्रत्येक खिडकीचा एक अंक काढला जातो. खिडकी सरकली की सगळा अंक नव्यानं मांडायचा नसतो, मागचं टोकन वजा आणि पुढचं मिळवायचं. भरलेल्या गाडीतून एक गाठोडं उतरवलं आणि एक चढवलं, तर दोन गाठोडी मोजली की भागतं, तसंच. ज्या खिडक्यांचे अंक जुळतात त्या खरंच सारख्या आहेत का एवढंच मग तपासायचं. रॅबिन आणि कार्प या दोघांच्या नावानं ही रीत ओळखली जाते. त्यामुळेच हे इतकं चटकन होतं.

पहिल्यांदा मी १०० हा आकडा दिला, कारण उदाहरणांत तोच दिसतो. ३१ गट निघाले. प्रत्येक गटात किती ओळी, किती टोकन, कोणत्या फाइलमध्ये कितव्या ओळीपासून, आणि खाली तो तुकडा. ओलाव्याचं गणितही होतं, चारही जागा एकाखाली एक. त्या चार मला आधीच ठाऊक होत्या. पट्टीतली पाचवी, जिच्यामुळे एवढं झालं, ती यादीत नव्हती.

इथं मी हे साधन बाजूला ठेवून देणार होते. मग पाचवी प्रत उघडून चारांशेजारी ठेवली. तिच्यात पुढच्या अंकावर नेणारी ओळ मध्येच बसलेली होती आणि तीन-चार नावं बदललेली होती. नाव बदललं की टोकन बदलतं. मध्ये एक ओळ घुसली की एका लांब जुळणीचे दोन आखूड तुकडे होतात, आणि दोन्ही शंभराच्या आत राहतात. साधनानं सांगितलं ते बरोबरच होतं, माझा आकडा माझ्या चुकीला साजेसा नव्हता. मी आकडा ५० वर आणला आणि नावांकडे दुर्लक्ष करायला सांगणारा पर्याय चालू केला. माझा प्रोग्राम जावा भाषेत आहे, आणि जावासाठी तो पर्याय आहे. पाचवी प्रत दोन तुकड्यांत समोर आली. गटही ३१ वरून १६८ झाले, हे मात्र लक्षात ठेवा. त्यात पडद्यावरची बटणं मांडणारा कोड, डेटाबेसमधून ओळी वाचणारा कोड, असं पुष्कळ भूस असतं. दोन संध्याकाळी मी वही घेऊन बसले आणि प्रत्येक गटापुढे खूण केली: पैशाचा, वजनाचा की नुसता दिसण्याचा. पैशाचे आणि वजनाचे मिळून २३ निघाले. पहिल्यांदा वापरणाऱ्यानं आधी १०० नं सुरुवात करावी, तेवढं आवरल्यावर खाली यावं. एकदम ५० वर गेलात तर यादी बघूनच हात गळतील.

शोधून देतं तिथं सीपीडीचं काम संपतं. दुरुस्ती आपली. रिफॅक्टरिंग म्हणजे प्रोग्रामचं वागणं तसंच ठेवून आतली मांडणी बदलणं, आणि 'तसंच ठेवून' हीच त्यातली अवघड बाजू आहे. हंगाम चालू असताना मी कशालाच हात लावला नाही. मे महिन्यात जिनिंग बंद, बाहेर ऊन भाजत होतं, तेव्हा बसले. आधी गेल्या हंगामातल्या चारशे बरोबर पट्ट्यांचे आकडे एका फाइलमध्ये काढले. मग ओलाव्याच्या कपातीचा एकच वर्ग (क्लास) लिहिला आणि प्रत्येक बदलानंतर चारशेच्या चारशे पट्ट्या नव्या कोडमधून पैशापर्यंत जुळवून पाहिल्या. दुसऱ्याच दिवशी सात पट्ट्यांत एका पैशाचा फरक आला. दशांशाचे हिशोब मी एका प्रतीत डबलमध्ये केले होते, ज्यात दशांश किंचित हलू शकतो, आणि दुसरीत बिगडेसिमलमध्ये, ज्यात तो नेमका राहतो. पैशासाठी डबल वापरू नये हे कॉलेजात शिकले होते, तरी घाईत लिहिलं होतं. पाच प्रती होत्या तोवर हा फरक लपून होता.

तुकडा बाहेर काढायला एक्लिप्स या कोड लिहायच्या साधनातलं एक्स्ट्रॅक्ट मेथड वापरलं. मेथड म्हणजे एक काम करणारा, नाव दिलेला कोडचा तुकडा. ऑल्ट, शिफ्ट आणि एम. त्याच फाइलमध्ये तसाच तुकडा आणखी असेल तर तिथंही बदलू का, असं ते विचारतं. हाताने चिकटवण्यापेक्षा हे फार सुरक्षित आहे.

पीएमडीचा दुसरा भाग लांबलचक मेथडसाठी. माझी पट्टी तयार करणारी मेथड ६४० ओळींची होती. पीएमडी ओळींपेक्षा विधानं मोजतं, आणि मेथडमध्ये ६० विधानं झाली की एनसीएसएस नावाचा, विधानं मोजणारा नियम बोट दाखवतो. कोडमधून जायच्या वाटा मोजणारा वेगळा नियम आहे. प्रत्येक 'जर' आणि प्रत्येक फेऱ्यासाठी एक धरत जायचं, ही मोजणी थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडली. तिथं दहाला इशारा मिळतो. माझ्या मेथडचा आकडा ९४ होता. तो बघून मला कळलं की पट्टी बदलायला मी नेहमी का घाबरायचे. आज ती मेथड ३८ ओळींची आहे आणि वाचताना काट्यावर गाडी चढल्यापासून हातात पैसे पडेपर्यंतचा क्रम दिसतो: भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, भाव, कपात, उचल, बाकी. नवा मुनीम प्रोग्रामर नाही, पण मी ती त्याला वाचून दाखवली तर तो म्हणाला, "बरोबर हाये, आपन असंच करतो."

एक चूक मी केली ती मात्र तुम्ही करू नका. सीपीडीनं रुईच्या विक्रीचं बिल आणि सरकीच्या विक्रीचं बिल यांचा मोठा तुकडा सारखा म्हणून दाखवला. सारखा होताही. मी उत्साहात दोन्ही एक केले. पण रुईचा भाव खंडीवर असतो, खंडी म्हणजे ३५६ किलो, आणि माल गाठींत जातो, गाठ साधारण १७० किलोची. सरकी क्विंटलवर विकली जाते. त्या दिवशी दोन्ही कोड सारखे दिसत होते, पण एकाचा नियम बदलला म्हणून दुसऱ्याचा बदलायचं काही कारण नव्हतं. महिनाभरात त्या एका मेथडमध्ये 'रुई असेल तर', 'सरकी असेल तर' असे सहा फाटे फुटले. शेवटी पुन्हा वेगळं केलं. आता मी आधी विचारते: शेठजींनी एक नियम बदलला तर दोन्हीकडे बदलायचा आहे का? हो असेल तरच एकत्र आणते. नसेल तर त्या तुकड्याच्या आधी कॉमेंटमध्ये सीपीडी-ऑफ आणि नंतर सीपीडी-ऑन लिहिते, कारणही लिहिते. मग सीपीडी तो भाग पुढं दाखवत नाही.

आता सीपीडी माझ्या बिल्डच्या, म्हणजे प्रोग्रामची नवी आवृत्ती तयार करणाऱ्या, बॅच फाइलमध्येच बसवलं आहे. नक्कल सापडली की सीपीडी ४ हा आकडा देऊन बाहेर पडतं, तो आला की नवी आवृत्ती तयारच होत नाही. रात्री अकराला, जिनिंगवरून तीन फोन आलेले असताना, हे अडवणं जिवावर येतं. तरी मी ते काढलेलं नाही.

तक्रारी दोन. अहवाल साधा मजकूर, एक्सएमएल किंवा सीएसव्हीत मिळतो, नीट रंगवलेलं पान समोर येत नाही. त्यासाठी जेएससीपीडी नावाचं दुसरं फुकट साधन बघा. ते नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनावर, चालतं, न सांगता पाच ओळी आणि ५० टोकन धरतं आणि ब्राउझरमध्ये उघडणारा छान अहवाल देतं. मोबाइलच्या पानांसाठी मी तेच वापरते.

दुसरी तक्रार मोठी आहे. सीपीडी एका वेळी एकच भाषा बघतं. शेतकऱ्याला मोबाइलवर हिशोब दाखवणारं पान मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे, आणि ओलाव्याच्या गणिताची सहावी प्रत तिथं होती. जेएससीपीडीही जावाची फाइल जावास्क्रिप्टशी ताडून बघत नाही, त्यामुळे दोघांनाही ती दिसली नाही. जूनमध्ये, सगळं झालं असं वाटत असताना, मी सहज सगळ्या फोल्डरात ८ आणि १२ हे आकडे शोधले आणि ती सापडली. तिच्यातही १०.५ चे ११ होत होते. आता ते पान स्वतः काही मोजत नाही, पट्टीचा आकडा सर्व्हरकडून मागून घेतं.