बेंजो पार्टी, पण पार्टीची नव्हे

आधीच सांगतो, या बेंजोवाल्यांचं नाव मी लिहिणार नाहीये. ही अट त्यांच्या म्होरक्याची, बेंजो वाजवणाऱ्या मास्टरांचीच. ‘‘कौतुक करा, शिव्या घाला, पण नाव नको. नाव फिरलं की ‘हेच का ते नाही म्हणणारे’ करत चार कार्यालयांतून फोन येतात.’’ तेव्हा हळदीत वाजवणारी, पण राजकीय पक्षांची सुपारी न घेणारी पनवेलकडची आठ जणांची पार्टी, एवढ्यावर भागवा.

धाकट्या भावाचं लग्न २४ नोव्हेंबर २०२४ला, रविवारी, काढीव मुहूर्तावर. म्हणजे घणसोलीत घरी हळद २३ला. सप्टेंबरात सुपारी दिली तेव्हा निवडणुकीच्या तारखेचा पत्ता नव्हता. १५ ऑक्टोबरला तारखा जाहीर झाल्या आणि कळलं, मतमोजणी नेमकी २३लाच. घरात पहिली काळजी ड्राय डेची. (आगऱ्यांची हळद, समजून घ्या.) मला मात्र बेंजोची.

कारण २०२२च्या मे महिन्यात चुलतभावाच्या हळदीला आम्ही पोळलो होतो. ती पार्टी दुसरी. दुपारी चारला फोन, ‘गाडी बंद पडली, येतोच’. सातला फोनच बंद. रात्री कोणीतरी स्टेटस दाखवलं, तर आमचे बेंजोवाले एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला ट्रकवर चढून वाजवतायत. बायका बिचाऱ्या मोबाईल स्पीकरला जोडून नाचल्या. इसाराचे पाच हजार अजून येतायत.

म्हणून या वेळी तारखा कळताच मास्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘आमी पार्टी हाव, पार्टीन नाय. तुमची सुपारी घेतली ना, मग झालं.’’

खरं तर सप्टेंबरात ही अट ऐकली तेव्हा मला तो नखरा वाटला होता. त्यांच्या सुपारीच्या वहीत पहिल्याच पानावर निळ्या पेनाने लिहिलंय: पक्षाची मिरवणूक, सभा, वाढदिवस, उद्घाटन घेत नाही. हळदीत पुढारी आला तर ‘एंट्री’ वाजणार नाही. मी एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेब लिहितो, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मला आधी खोटा वाटतो. पण मास्टरांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का निघाला. हरलेला उमेदवार फोन उचलत नाही, जिंकलेला म्हणतो कार्यालयात या. आठ वाजवणाऱ्यांच्या घरी चार झेंडे, ढोलकीवाल्याचा सख्खा मेव्हणा शाखेत. आणि एका बाजूचं वाजवलं की गावातली निम्मी घरं पुढची पाच वर्षं हळदीला बोलवत नाहीत. तत्त्वाचं भाषण नाही, काही नाही.

मी जरा खोदून विचारलं. २४ जून २०२१ला नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून बेलापूरला सिडको भवनावर सगळी गावं गेली होती, तशा मोर्चाला बोलावलं तर? ‘‘जाव ना. तो पार्टीचा नाय, गावाचा.’’ मी म्हटलं, मास्टर, दि. बा. स्वतः शेकापचे आमदार, खासदार होते. ते हसले आणि वहीत माझा पत्ता लिहायला लागले. या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे लाल बावट्यासाठी गायले, त्यांना कोण सुपारीबाज म्हणेल? पण तिथे गाणाराच त्या चळवळीतला होता. आपला बेंजोवाला भाड्याचा, आणि स्वतःला भाड्याचा म्हणवून घ्यायला त्याला लाज वाटत नाही. हेच मला आवडलं.

आता २३ तारखेचं. ताफा साडेपाचला दारात. गल्लीत गाड्या उभ्या असल्याने स्पीकरची ट्रॉली अडकली, त्यात अर्धा तास गेला (चूक आमची). धवलारीण धवला (आमची लग्नविधीची गाणी) म्हणत होती तोवर एकानेही काठी उचलली नाही, मास्टर तर हात जोडून उभे. मग सुरू झाले. बेंजो जवळून पाहिलाय कधी? टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. मूळ जपानी, १९१२मध्ये नागोयात निघालेला तैशोगोतो, आणि इथे येऊन असा आगरी-कोळी झालाय की जपानी माणसाने ओळखू नये. मास्टरांच्या बेंजोची मधली पाच-सहा बटणं झिजून बशीसारखी खोलगट झालीत. एकवीरा आईचं गाणं धरलं तेव्हा आमची ऐंशीची आजी खुर्चीतून उठली.

साडेसातला गल्लीच्या तोंडाशी गुलाल उडवत विजयी मिरवणूक आली. त्यांचा डीजे कुठेतरी मागे राहिलेला. पोरं मांडवात शिरली, ‘‘मास्टर, नाक्यापर्यंत दोन गाणी फक्त,’’ आणि पाचशेच्या नोटा बेंजोवर. आमचे मामा त्याच पक्षाचे, तेही विनवायला लागले. मास्टरांनी नोटा गोळा करून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या, बेंजोवर टॉवेल टाकला, तारांत गुलाल जाऊ नये म्हणून कडा नीट खोचल्या, आणि पाणी प्यायला बसले. पंधरा मिनिटं मांडव गप्प. मिरवणूक पुढे गेल्यावर टॉवेल झटकून जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

इथवर शंभर टक्के गुण. पण मग मामा गळ्यात पक्षाचा गमछा घालून नाचायला उतरले, तर मास्टरांनी हात थांबवून त्यांना गमछा काढायला सांगितला. हे अती झालं. घरचा माणूस आहे, भाच्याची हळद आहे, गमछ्याने काय होतं? मामा न जेवता गेले आणि आईने मला त्यावरून दोन दिवस ऐकवलं. वहीत गमछ्याचं काही लिहिलेलं नाही, मी पुन्हा वाचून पाहिलं.

बाबा मात्र मास्टरांच्या बाजूने. आणीबाणीत, १९७६ साली, सरकारी प्रचाराला किशोरकुमारने नकार दिला म्हणून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणी बंद झाली होती. बाबा तेव्हा सोळा-सतराचे. ‘‘त्याचं रेडिओवरून गेलं, याचा एक जेवणारा गेला, स्वस्तात सुटला,’’ इति बाबा. कीबोर्डवाला मास्टरांचाच मुलगा, त्याने जेवताना आणखी एक सांगितलं. अमेरिकेत न्यू जर्सीला फक्त ब्रूस स्प्रिंगस्टीनची गाणी वाजवणारा एक बँड आहे, बी स्ट्रीट बँड. ट्रम्पच्या शपथविधीच्या वेळच्या एका मेजवानीची सुपारी त्यांनी घेतली होती, जानेवारी २०१७मध्ये सोडली. ज्याच्या गाण्यांवर जगतो त्याचा मान राखायचा म्हणून. पोराला त्याचं भारी कौतुक. मला विचाराल तर घेतलेली सुपारी सोडण्यापेक्षा मुळात न घेणारे बरे. यजमानाच्या जागी एकदा उभं राहून बघा.

बाकी किरकोळ. गायिकेचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो. ऑक्टोपॅड गरजेपेक्षा मोठा. दहाला पाच कमी असताना शेवटचं गाणं म्हणजे शेवटचंच, नवरदेवाने पाय धरले तरी वाढवत नाहीत. जनरेटर आपला. एकूण बत्तीस हजार, त्यातला इसार दहा हजार, रोख. पावती मागितली तर वहीचं पान फाडून देतात.

फोन संध्याकाळी सहानंतरच करा, दिवसा मास्टर तळोज्याला कंपनीत असतात. आणि गल्लीतल्या गाड्या आदल्या रात्रीच हलवून ठेवा.