जिप्सीचा फायबर टप : रंगावर जाऊ नका, कडा तपासा

मारुती जिप्सी डिसेंबर १९८५मध्ये आली ती कापडी हूड घेऊन. लोकांनी बाहेरून कडक टप बसवून घ्यायला सुरुवात केली, तो प्रकार चांगलाच रुळला, आणि मग कंपनीनेही बोल्टने बसणारा हार्डटॉप दिला. सर्वसामान्य ग्राहकांसाठी २०१९मध्ये उत्पादन थांबलं. आज जिप्सी घेणारा माणूस जुनीच गाडी घेतो, आणि जुन्या जिप्सीत इंजिनाच्या आधी टपाची तक्रार निघते. कोपऱ्यात तडे, पन्हळीतून गळती, मागच्या दाराच्या वर चीर. मग फायबरवाल्याकडे नवा चकाचक टप दिसतो आणि वाटतं, हा बसवला की प्रश्न मिटला.

हा आढावा त्या नव्या टपाचा आहे, म्हणजे छोट्या फायबर कारखान्यांत साच्यावर हाताने थर देऊन काढलेल्या हार्डटॉपचा. निकाल आधीच सांगून टाकू. तडे टपाच्या सपाट भागात असतील तर नवा टप घेऊ नका, आहे तो दुरुस्त करा. फ्लँज, म्हणजे ज्या पट्टीवर टप बॉडीला टेकतो ती, जागोजागी फुटली असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका. आणि बॉडीचा टबच, म्हणजे टपाखालचा पत्र्याचा उघडा सांगाडा, वाकलेला किंवा कुजलेला असेल तर यातलं काहीच करू नका, आधी टब नीट करा. वाकड्या टबवर बसवलेला नवा टप पहिल्याच पावसाळ्यात जुन्यासारखा वागायला लागतो.

याचं कारण बांधणीत आहे. जिप्सीची बॉडी शिडीसारख्या चासीवर रबराच्या गाद्यांवर बसते. एक चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळली जाते, आणि तो पीळ त्या गाद्यांनी गिळायचा असतो. गाद्या चपट्या होऊन दगडासारख्या झाल्या की पीळ थेट बॉडीत येतो. ताण जास्त झाला की पत्रा वाकतो पण सहसा तडकत नाही, फायबर मात्र तडकतो. सगळा ताण बोल्टच्या भोकांवर आणि खिडकीच्या कोपऱ्यांवर जमतो. म्हणून तडा बघताना त्याची लांबी नंतर, तो कुठून निघाला ते आधी बघायचं. भोकातून निघालेला तडा म्हणजे बोल्ट जास्त आवळला होता, वायसर लहान होता किंवा खाली रबर नव्हतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा म्हणजे बॉडीच्या गाद्या संपल्यात. नुसत्या वरच्या थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर तो बहुतेक वेळा जाड जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाह्य थराचा दोष, आत मजबुती शाबूत असते. आतून बोटाने दाबून बघा, रेषा उघडत नसतील तर घाबरायचं कारण नाही.

टप घ्यायला गेलात तर रंगवलेला बघू नका. जेलकोटमध्ये किंवा नुसत्या प्रायमरमध्ये मागा. रंग आणि लांबी (पुट्टी) यांच्याखाली काहीही लपतं. खिडकीसाठी कापलेली कड हा टपाचा खरा जबाब. तिथे जाडी मोजायचा व्हर्नियर लावा : छताला ३ मिमी तरी हवं, फ्लँजला ५ ते ६. ४५० ग्रॅमच्या मॅटचा (काचेच्या धाग्यांची चटई, वजन चौरस मीटरला) एक थर रेझिनमध्ये, म्हणजे ते धागे बांधणाऱ्या पातळ चिकात, भिजून वाळला की साधारण १ मिमी भरतो, त्यामुळे छताला तीन थर आणि फ्लँजला पाच-सहा, हा हिशोब फायबरवाल्याला तोंडावर विचारता येतो. कडेला कोरडी पांढरी काच दिसत असेल तर रेझिन पुरलेलं नाही. उलट आतल्या बाजूला रेझिनची तळी साचून चमकत असतील तर ते जास्त झालंय, आणि असा भाग ठिसूळ असतो. मॅटच्या कामात काचेच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन हे प्रमाण बरोबर.

मग टपामागे बॅटरी किंवा बल्ब धरा. उजेडात अडकलेली हवा फिकट ठिपक्यांसारखी दिसते. एक-दोन ठिपके सगळीकडे सापडतात. कोपऱ्यांत रांगच्या रांग असेल तर रोलर फिरवलेला नाही. रुपयाच्या नाण्याने ठोकत जा, टणक आवाज मधेच बद्द झाला की तिथे थर सुटलेत. शेवटी आतल्या बाजूला अॅसिटोनचा बोळा घासा. पृष्ठभाग चिकट झाला, बोळ्याला रेझिन आलं, तर टप नीट पिकलेला नाही, म्हणजे रेझिन पूर्ण घट्ट झालेलं नाही. तो घरी नेऊन उन्हात पिकेल असं सांगतील. खरंय, थोडा पिकेल, पण वाकड्या जागी ठेवला असेल तर वाकडाच पिकेल.

छताच्या आत आडव्या पट्ट्या असतात, त्याही बघा. फोमवर किंवा पोकळ नळीवर थर दिले असतील तर उत्तम. प्लायवुडची पट्टी असेल तर तिची दोन्ही टोकं रेझिनने बंद हवीत, नाहीतर कोकणातल्या दोन पावसाळ्यांत लाकूड भुसा होतं आणि छत मधून लटकायला लागतं. पट्ट्याच नसतील तर तो टप घेऊ नका, कितीही स्वस्त असो. ताशी ७० च्या पुढे त्याचा ढोल होतो.

वजनात मात्र फायबरला तोड नाही. हाताने काढलेला ३ मिमीचा फायबर चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास भरतो, तर १८ गेजचा पत्रा साडेनऊ. जिप्सी मुळात साधारण एक टनाची, उंच आणि अरुंद गाडी. डोक्यावर पत्र्याचं वजन वाढवून तिला उताराला आडवं घालणं शहाणपणाचं नाही. पत्र्याचा टप बनवून देणारे कारागीर भरपूर आहेत, कामही सुबक करतात, पण पन्हळीच्या आत गंज लागला की तो बाहेरून कळायलाच वर्ष जातं. गंजलेल्या पत्र्यावर वरून फायबर मारून देण्याचा जो उपाय सांगतात, तो तर साफ चुकीचा. आत ओल अडकते आणि पत्रा झाकलेल्या अवस्थेत संपतो.

आता बसवणं. निम्मे टप इथे वाया जातात.

जुना टप उतरवला की टबचे दोन्ही कर्ण मोजा : पुढचा डावा कोपरा ते मागचा उजवा, आणि उलट. फरक ५ मिमीच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर आधी बॉडीच्या गाद्या बदला, गाडी सपाट जागी उभी करून पुन्हा मोजा. मग टप नुसता ठेवून बघा, बोल्ट न लावता. कुठे फट पडते, कुठे टेकतो, ते खडूने लिहा. फट ३ मिमीपर्यंत असेल तर रबर ती सांभाळतं. त्याहून मोठी फट बोल्टने खेचून बंद करायची नाही. इथेच पुढचा तडा जन्माला येतो. फट असेल तिथे फ्लँजखाली मॅटचे थर देऊन ती भरायची.

भोकं टप जागेवर ठेवूनच पाडा, साच्यातून पाडून आलेली भोकं कधीच जुळत नाहीत. ८ मिमीच्या बोल्टला १० मिमीचं भोक. वर ३० मिमीचा मोठा वायसर, फ्लँजखाली रबर, नायलॉकचे (आपोआप सैल न होणारे) नट. मधल्या बोल्टपासून टोकांकडे जायचं, सगळे बोल्ट हाताने लावून झाल्यावरच पाना घ्यायचा. ८ ते १० न्यूटन मीटर पुरे. टॉर्क रेंच नसेल तर खूण अशी : रबर बाजूने फुगायला लागलं की थांबा. पाचशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा बघा, रबर बसल्यामुळे बोल्ट सैल झालेले असतात.

रबर ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणारं रबर) स्पंजचंच घ्या, डी आकाराचं, १२ ते १५ मिमी उंच. दाबल्यावर एक तृतीयांश बसलं पाहिजे. दाराला लावायची साधी फोमची चिकटपट्टी स्वस्त पडते, पण ती पाणी पिते आणि धरून ठेवते. रबराचा जोड मागच्या बाजूला मधोमध आणा, कोपऱ्यात नाही. पुढच्या काचेच्या फ्रेमवर मात्र नुसतं रबर पुरत नाही, तिथे ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, द्या. सिलिकॉन वापरायचंच असेल तर न्यूट्रल. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं आणि एकदा लागलं की त्यावर रंगही धरत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट सगळ्यात बरं, फक्त पुढच्या वेळी टप काढताना ते पात्याने कापावं लागतं.

पाण्याची परीक्षा गाडी ताब्यात घेण्याआधी, तिथेच. नळाची साधी पाइप घ्या, प्रेशर वॉशर नको. खालून वर जायचं : आधी फ्लँज, मग खिडक्या, शेवटी पन्हळ. प्रत्येक जागी पाचेक मिनिटं. आत एकाने टॅल्कम पावडर भुरभुरून बसायचं, कारण जिप्सीत पाणी जिथून शिरतं तिथून टपकत नाही. काचेच्या फ्रेमवरून आत आलेला थेंब आतल्या कडेने सरकत जातो आणि सन व्हायझरच्या स्क्रूवरून मांडीवर पडतो. लोक त्या स्क्रूला सीलंट फासत बसतात. पावडरीवर ओघळाची रेघ स्पष्ट उमटते, ती उलट्या दिशेने धरत गेलं की भोक सापडतं.

जुना टप वाचवायचा असेल तर काम दोन दिवसांचं आहे, फक्त भर पावसाळ्यात करू नका. मॅटला ओल लागली की रेझिन आत शिरत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना ४ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावणार नाही. आतल्या बाजूने ग्राइंडरने उतरता उतार काढा, जाडीच्या बारा पट : ३ मिमीला प्रत्येक बाजूने ३५ ते ४० मिमी. हा उतार न काढता वरून ठिगळ लावलं की ते पापुद्र्यासारखं सुटतं. अॅसिटोनने पुसा, वाळू द्या. ३० सेंटिमीटरच्या तड्याला ४५० ग्रॅमची मॅट साधारण ५० ग्रॅम आणि रेझिन ११० ग्रॅम लागतं. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, दीड टक्का, म्हणजे जेमतेम दीड मिली, आणि कडक उन्हाळ्यात एक टक्काच. जास्त घातलं तर डब्यातच उकळतं. कोबाल्ट (हार्डनरचं काम जलद करणारं द्रव) वेगळं मिळत असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा आणि मगच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांवर थेट ओतले तर भडका उडतो, स्फोटही होतो. डोळ्यांना गॉगल हवाच, हार्डनरचा एक शिंतोडा डोळा घालवू शकतो. लहान ठिगळ आधी, मोठं वर, असे तीन थर देऊन रोलरने हवा काढा. बाहेरची चीर दुसऱ्या दिवशी पॉलिएस्टर पुट्टीने भरा. एमसील नको. ती पाइपाची आणि टाकीची वस्तू आहे, पीळ पडणाऱ्या टपावर ती सुटून येते.

रंगाआधी नव्या टपावरचं साच्याचं मेण आधी सॉल्व्हंटने काढा, पॉलिश पेपर त्यानंतर. उलट केलंत तर पेपर तेच मेण ओरखड्यांत घासून भरतो आणि रंग सहा महिन्यांत पापड्या धरतो. रंग शक्यतो पांढरा किंवा फिका. आत १० मिमीचा बंद पेशींचा फोम लावला तर ऊन आणि आवाज दोन्ही कमी होतात. साधा गादीचा स्पंज लावलात तर पाणी धरून ठेवणारी आणखी एक वस्तू गाडीत आली.

सामान ठेवायचं कॅरिअर या टपाच्या पन्हळीला अडकवू नका. त्याचे पाय खाली बॉडीवर किंवा रोल केजवर, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यावर, उतरवा. गाडी उलटली तर फायबरचा टप डोकं वाचवत नाही. तो फक्त पाऊस अडवतो, त्यामुळे आडरानात जाणाऱ्याने केज आधी आणि टप नंतर. आणि खरंच दर रविवारी चिखलात जाणार असाल तर चांगल्या पीव्हीसी कापडाचं, शिवणीवर टेप मारलेलं हूड अजूनही उत्तम पर्याय आहे. पिळाला ते फाटत नाही आणि झाडाची फांदी घासली तर ठिगळ लावून काम भागतं.

कागदांचं विसरू नका. लष्कराच्या लिलावातून आलेल्या बऱ्याच जिप्सी कापडी हूडच्या असतात आणि आरसीवर बॉडीचा प्रकार तसाच लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या हार्डटॉपच्या जागी तसाच हार्डटॉप हा झाला दुरुस्तीचा मामला. सॉफ्टटॉपचा हार्डटॉप करणार असाल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी तपासायला न्यावीच लागते, आणि तेव्हा निरीक्षकाची नजर आधी टपावरच जाते.

गुण द्यायचे तर : साच्यावर नीट काढलेला, पट्ट्या असलेला, न रंगवता घेतलेला फायबर टप, पाचपैकी चार. तोच टप रंगवून, भोकं पाडून, 'फिटिंगसकट तीन तासांत' म्हणून विकला जातो तेव्हा दीड. भाव ठरवताना टप, रबर, बसवणं आणि रंग यांचे आकडे वेगळे लिहून घ्या, कारण एकरकमी भावात सगळ्यात आधी रबराला कात्री लागते.